दवात कापलेली करडई

पोखर्णी
१६ फेब्रुवारी

प्रिय पंकजा,

इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफ कर. तुला चार ओळी लिहायच्या असं दिवाळीपासून ठरवत होते, आणि रोज डायरीत दुसरंच काहीतरी लिहून मोकळी होत होते. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर बघून तू फोन उलटा ठेवत असशील असं मनात येतं. मग वाटतं, दिवसभर ऊस तोडणाऱ्या बाईला फोन उलटा ठेवायला तरी सवड कुठली. म्हणून हे पत्र. ते तुझ्या पाथरीकडच्या घरी जाऊन पडेल. फडावरून परत आलीस की वाच, नाहीतर चुलीत घाल.

मला एवढंच सांगायचंय की तुझ्या शेतात करडई का उगवली नाही, हे मला अजून माहीत नाही. आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मी लिहून काढते. लिहिलं की मला नीट दिसतं. दसऱ्याआधी तू इथून बी नेलंस. महारुद्ररावांनी तुला शब्द दिला होता की करडई उभी राहिली तर या साली तू आणि भक्ती घरी राहा, ते एकटेच, जोडीविना, अर्ध्या कोयत्यावर तोडीला जातील. नाही उगवली तर नेहमीसारखी जोडी जाईल, आणि भक्ती आठवीतून उठून तुमच्या मागं फडावर. एवढं त्या बियावर टांगलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी विहिरीकडच्या वावरातलं बी तुला दिलं. पांढरं, टपोरं, हातात घेतलं की घरंगळणारं. माळावरच्या तुकड्यातलं बारीक, मळकं बी मी आमच्यासाठी ठेवलं.

आमचं बारीक बी उठून आलं. तुझं टपोरं बी जमिनीतच राहिलं.

तुझा फोन मला अजून शब्दाशब्दानं आठवतो. "वैनी, तुमच्या वावरात गच्च आन् माझ्या वावरात टक्कल. चांगलं घरी ठेवलंत, चाळणीखालचं नणंदेला दिलंत." त्यावर मी खोल पेरण्याबद्दल काहीतरी बोलले. रागात माणूस बोलून जातं. मग मी म्हणाले, भक्तीला आमच्याकडे ठेव, मामाच्या घरून शाळेत जाईल. तू म्हणालीस, "माझी पोरगी तुमच्या चाळणीखाली नको." आणि फोन ठेवलास.

मी परभणीला राहून वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली, आणि घरचं बी ओल्या गोणपाटात घालून बघायचं मला सुचलं नाही. का सुचलं नाही याचा मी खूप विचार केला. बी देखणं होतं म्हणून. इतकं देखणं की तुझ्या गावच्या बायकांनी पिशवीत हात घालावा आणि म्हणावं, माहेर बघा कसं आहे. म्हणजे मी ते तुझ्यासाठी निवडलं की आमच्या घराच्या नावासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

यंदा मी बी पारखायचं ठरवलंय. डिसेंबरात, करडई फुलावर असताना, विहिरीकडच्या अर्ध्या वावराला मी गेल्या सालासारखंच दोनदा पाणी दिलं. अर्ध्याला एकदाही नाही. तुझा भाऊ बांधावर उभा राहून म्हणाला, "अर्ध्या लेकरांना जेवाया वाढायलीस आन् अर्ध्यांना उपाशी ठिवायलीस. काय डोकं फिरलंय का?" मी त्यांना नीट समजावून सांगितलं नाही. मलाच अजून समजलेलं नाही.

भक्तीची पुस्तकं आहेत का सोबत?

तुझी वहिनी,
सविता


४ मार्च

प्रिय पंकजा,

करडई कापून झाली.

तू लहानपणापासून बघितलंयस, करडईला उन्हात हात लावता येत नाही. पहाटे दव असतं तोवर काटा मऊ असतो. म्हणून आम्ही अंधार फिटायच्या आत वावरात गेलो. पायांना जुन्या पोत्यांच्या पट्ट्या, हातांत तुझ्या भावाचे फाटके मोजे. बायनाबाई आणि तिच्या दोन सुना होत्या. बायनाबाई कोपरापर्यंत चढवलेल्या मोज्यांकडं बघून म्हणाली, "वैनी, असं नटून नवरीबी मांडवात जात न्हाई." आठवते का तुला बायनाबाई? तुझ्या लग्नात तिनंच पुऱ्या तळल्या होत्या.

पाणी न दिलेली अर्धी करडई खडखडीत वाळली होती. बोंडं हलवली की वाजत होती. पाणी दिलेल्या बाजूला मात्र खालच्या फांद्यांवर अजून हिरवी बोंडं होती. वरची तयार, खालची कच्ची. पाण्यानं तिला पुन्हा फुलायची हौस आली होती. आता तयार झालेल्या बोंडांसाठी कापावं तर कच्ची बोंडं त्यांच्यासोबत येतात, आणि कच्च्यांसाठी थांबावं तर वरची गळतात. आम्ही सगळीच कापली. गेल्या सालीही तसंच केलं होतं.

पाणी न दिलेली मी वावरातच लहान लहान ढीग करून, वर दगड ठेवून, उन्हात सोडली. पाणी दिलेल्या करडईतली निम्मी तशीच लहान ढिगांत ठेवली. उरलेल्या निम्म्या करडईची मी बांधाजवळ एकच मोठी गंज लावायला सांगितली, दव असताना, ओलीच. वर ताडपत्री.

बायनाबाई पेंढी हातात धरून उभीच राहिली. "का ओ वैनी? पुन्ना तेच? गेल्या साली आभाळ आलं व्हतं, म्हातारी भेली, म्हणून वल्ली गंज लावली. आता आभाळ तर कोरं हाय."

मी म्हणाले, मला बघायचंय.

"मला इचारा की काय व्हतंय ते. चार दिसांनी आत हात घातला तर लेकराला ताप आल्यावाणी ऊब लागत व्हती. मला वाटलं, बरंय, करडईला थंडी वाजत न्हाई." आणि ती हसत सुटली.

ही ओळ मी खोडणार होते. पहिल्या पत्रात मी गंजीबद्दल लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात येईल. विसरले नव्हते. गेल्या सालच्या त्या दिवशी मी परभणीला गेले होते. ढग जमले आणि आईंनी माणसं घाईला घालून सगळी करडई एकाच गंजीत घातली, ताडपत्री ओढली. आठवडाभर ती तशीच राहिली. मी संध्याकाळी आले तेव्हा ताडपत्री बघून म्हणाले होते, "बरं केलंत, आई." त्यामुळं आता ते आईंचं होतं की माझं, हे मला वेगळं काढता येत नाही. पण तुला ते तुझ्या आईचं म्हणून कळू नये एवढं मात्र मला वाटत होतं. आता बायनाबाईच्या तोंडून आलंच आहे, तर असू दे.

माळावरची करडई उद्या कापू. ती तर पार वाळून कडकडीत झालीय. तिला ना पाणी मिळालं, ना गंज.

सविता


२९ मार्च

प्रिय पंकजा,

गोणपाट आज उघडलं.

चार ओल्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीत शंभर बिया, गुंडाळून पडवीत सावलीला ठेवलेल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते. बी अजून ताजं आहे, पेरणीपर्यंत फरक पडेल, हे मला कळतं. पण चारही प्रकारचं बी एकाच वेळी, एकाच गोणपाटात होतं, तेव्हा एकमेकांशी तुलना करायला हरकत नसावी.

माळावरचं बारीक बी जवळजवळ सगळं उगवलं. विहिरीकडचं, पाणी न दिलेलं, तेही त्याच्या मागोमाग. पाणी दिलेलं पण लहान ढिगांत वाळवलेलं, त्यातलं चौथ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त तसंच पडून राहिलं. बहुतेक त्या कच्च्या बोंडांतलं असेल. आणि गंजीतलं निम्म्याहून कमी उगवलं. जे उगवलं तेही वेडंवाकडं, शेंड्याला तपकिरी. बाकीचं दाबलं की बोटाला चिकटत होतं. वरून मात्र चारहींत सगळ्यात देखणं तेच. घाण्यावर नेलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

म्हणजे तुझ्या पिशवीतलं बी जिवंत दिसत होतं, पण त्यातलं बरंचसं इथंच, आमच्या बांधावर, ताडपत्रीखाली मेलेलं होतं.

मी मोजत होते तेव्हा आई पडवीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं वाचता येतं.

"कोनची मेली?"

"गंजीतली."

"म्हंजी माझी."

मी म्हणाले, "आई, पाणी माझं होतं. पाणी दिलं नसतं तर करडई ओली राहिलीच नसती, आणि गंज तापलीही नसती."

"पाण्यानं किती मेली आन् गंजीनं किती, ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जमवलं. मग म्हणाल्या, "पंकीला लिव्ह. आईनं केलं म्हणून लिव्ह. पाण्याचं लिव्हू नको."

"असं कसं? खोटं होईल ते."

"तुला लय खऱ्याचं पडलंय. आईवर रुसलेली लेक भांडाया तरी येती. भावजयीवर रुसली की तिला माहेराची वाटच ऱ्हात न्हाई. कळलं का? लिव्ह आता."

मी त्यांना लिहिते म्हणाले, आणि दोन्ही लिहिलं. त्यांची गंज आणि माझं पाणी. मला त्यांचं म्हणणं कळत नाही असं नाही. खरं सांगायचं तर, त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं तेव्हा मला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली.

तुम्ही पाडव्यापर्यंत याल असं तुझा भाऊ म्हणत होता. भक्तीची परीक्षा बुडणार का?

सविता


७ मे

प्रिय पंकजा,

काल तू आईंना फोन केलास तेव्हा मी तिथंच होते. तुला ते माहीत असणार, कारण आई फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. तू मला ऐकवण्यासाठीच बोलत होतीस की काय, अशी शंका आली. तसं असेल तर बरंच झालं. मी ऐकलं.

"तीन पत्रं भेटली म्हणावं. आन् पाण्याची, गंजीची, गोणपाटाची सगळी कहानी वाचली. आमच्या गावात मास्तराला दाखवली असती तर त्यानं शाबासकी दिली असती."

आई म्हणाल्या, "आगं, तिनं महिनाभर बी भिजवलं तुझ्यापायी."

"भिजवू दे. माझं वावर तिच्या परीक्षेला नव्हतं. आन् आये, एक सांग. मी खोल पेरलं म्हनली ती. भक्तीचे बाबा बाजूला बसून ऐकत व्हते. ते कुटं लिव्हलंय तिनं? तीन पत्रांत हाय का कुटं?"

मी माझ्या डायरीत पाहिलं. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात काय लिहिलं, ते मी तिथं थोडक्यात टिपून ठेवते. नाही. कुठंच नाही. पहिल्या पत्रात "खोल पेरण्याबद्दल काहीतरी बोलले" असं लिहून मी पुढं गेले. "काहीतरी" हा शब्द मी किती जपून लिहिला होता, हे काल कळलं. मी बी तपासलं, पाणी तपासलं, गंज तपासली, आणि एका वाक्यावरून मात्र डोळे मिटून चालत गेले. तेच वाक्य तुला लागलं होतं. बी नव्हतं लागलं.

म्हणून आता सरळ लिहिते. तू खोल पेरलं नव्हतंस. तुझी मूठ मी पाहिलेली आहे. लग्न होऊन मी या घरात आले त्या साली तू शाळेत होतीस, तरी तिफणीमागं चाड्यात बी सोडायला तुलाच उभं करायचे, कारण घरात तुझ्याइतकं सारखं बी कुणाच्याच हातून पडत नव्हतं. माझ्या हातून तर नाहीच. मी ते जाणत होते आणि तरी बोलले.

आणि हे फक्त तुला लिहून भागणार नाही असं वाटलं, म्हणून आज सकाळी मी महारुद्ररावांना फोन केला. आधी ते दचकलेच. मला वाटतं आतापर्यंत मी त्यांच्याशी फोनवर बोललेच नव्हते.

मी म्हणाले, "पंकजानं पेरणी बरोबर केली होती. बी आमचं मेलेलं होतं. मी ते तपासून बघितलंय."

ते म्हणाले, "म्हंजी हिची मूठ बराबर व्हती म्हणता?"

"बराबर होती."

"हे तुमी दिवाळीलाच सांगायचं न्हाई का, वैनी? अख्ख्या टोळीनं तिला फडावर 'खोलपेरी' नाव पाडलं. मीच पहिल्यांदा म्हनलो, चेष्टेत. मग मुकादम म्हनायला लागला, मग त्याची बायको. पाच महिने. 'ए खोलपेरी, मोळी उचल.'"

तेच पुढं म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी आता टोळीला सांगतो. पर पडलेलं नाव जात नसतं वैनी, मला बी ठाऊक हाय, मला अजून लहानपणीच्या नावानं हाक मारत्यात."

कोणत्या नावानं, ते मी विचारलं नाही.

भक्ती पुन्हा शाळेत बसणार, नववीला, असं ते म्हणाले. निदान जून ते दसरा. पुढचं करडईवर.

सविता


२४ सप्टेंबर

प्रिय पंकजा,

तू मला उत्तर दिलं नाहीस, आणि मी मागितलंही नव्हतं. पण भक्तीनं मामाला निरोप दिला म्हणे, की आई म्हणते माहेरचं बी घेणार नाही, दुकानातलं आणील. तुझी मर्जी. दुकानातलंही गोणपाटात घालून बघ, एवढंच सांगते. पिशवी बंद असली म्हणून आतलं बी कुठल्या उन्हात, कुठल्या पावसात वाढलं, ते आपल्याला कुणी सांगत नाही.

मी हे लिहितेय, आणि तिकडं आई पिशवी भरताहेत. मला हात लावू देत नाहीत. माळावरचं बारीक, मळकट बी. मी म्हणाले, "आई, ती घेणार नाही म्हणाली ना?"

"तुझं घेनार न्हाई म्हनली. माझं कुटं म्हनली?"

"तुमचं म्हणजे ते माझंच की."

"तू गप बस. तू लय खरं बोलतीस."

उद्या त्या एकट्याच येणार आहेत. सोबत नको म्हणतात. तुझा भाऊ परभणीपर्यंत सोडेल आणि पाथरीच्या गाडीत बसवून देईल. वय बघता मला काळजी वाटते, पण त्यांना अडवायला मी कोण? लेकीकडं जायला आईला कुणाचं आमंत्रण लागत नाही.

या पिशवीतलं बी मी पुन्हा तपासलंय. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. ही पत्राची पुरचुंडी त्यांच्याच पिशवीत टाकते. त्या तुला देतील का, माहीत नाही.

सविता


५ ऑक्टोबर

प्रिय पंकजा,

आई काल परत आल्या. आल्या त्या धापा टाकत, पण खुशीत. चहासुद्धा होऊ दिला नाही, सगळं सांगायला बसल्या. त्यांनी जसं सांगितलं तसं इथं उतरवते. चुकलं असेल तर तू सांग. आई गोष्ट सांगताना थोडं मीठ घालतात, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

तू दारात उभी राहिलीस आणि आधी आईकडं नाही, पिशवीकडं बघितलंस.

"हे काय आनलंस?"

"करडई."

"कोनाची?"

"माझी. गेल्या सालची बी माझीच व्हती. म्या वल्ली गंज लावली, म्या मारली. भांडायचं तर ये, भांड."

मग तू भांडलीस. आई म्हणाल्या, दुपारपर्यंत भांडली, मधी उठून भाकरी टाकल्या, पुन्ना भांडली. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला हेवा वाटला.

मग तू म्हणालीस, "मी आधी भिजवून बघीन. उगवलं तर पेरीन. तवर तू हितंच ऱ्हा. न्हाई उगवलं तर तुझ्या डोळ्यादेखत उकिरड्यावर टाकीन."

म्हणून आई आठवडाभर राहिल्या. गोणपाट तू पाण्याच्या रांजणापाशी ठेवलंस आणि त्या त्याच्या शेजारी बसल्या. महारुद्रराव येता-जाता विचारायचे, "काय सासूबाई, अंड्यावर बसल्यात जनू? कदी फुटनार?" सहाव्या दिवशी तू गोणपाट उघडलंस. मोजलंस. एकदा मोजून तुझं समाधान झालं नाही, म्हणून भक्तीला मोजायला लावलंस. मग काही न बोलता ते पुन्हा गुंडाळून ठेवलंस आणि पेरणीच्या तयारीला लागलीस.

मी आईंना विचारलं, "काहीच बोलली नाही?"

"'बरंय' म्हनली."

"माझ्याबद्दल?"

त्यांना खोटं सांगता आलं असतं. नेहमी मलाच त्या म्हणतात, तू लय खरं बोलतीस. पण या वेळी त्यांनीही खरंच सांगितलं. "न्हाई बाई. तुझं नाव काढलं न्हाई."

पेरणी झाली. आता टोळी दिवाळीनंतर निघणार. तोवर रोप वर दिसलं तर महारुद्रराव एकटे जातील. नाही दिसलं तर तुम्ही तिघं. बी चांगलं आहे, हे मला माहीत आहे. पण जमिनीत ओल पुरेशी आहे का, पेरल्यावर पाऊस येऊन वर पापुद्रा धरला तर काय, हे माझ्या गोणपाटात लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी मला काहीच माहीत नव्हतं आणि मी निर्धास्त होते. यंदा थोडं कळतं, तर रोज सकाळी उठून आधी आभाळाकडं बघते.

सविता


२९ ऑक्टोबर

प्रिय पंकजा,

भाऊबीजेला तू आली नाहीस. तुझ्या भावानं पाट मांडून ठेवला होता. दुपारी त्यांनीच तो उचलून ठेवला आणि वावरात गेले. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. आज संध्याकाळी तुझा फोन आला त्याआधी आमच्या घरात काय चाललं होतं, ते तुला कळावं म्हणून.

फोन माझ्या नंबरवर आला. वर्षभरात पहिल्यांदा. पडद्यावर तुझं नाव बघून मी इतकी गडबडले की उचलायचं सोडून आईंना दाखवायला धावले. तोवर बंद झाला. मग मी लावला.

"वैनी, कामात हैत का?"

"नाही, नाही. बोल ना."

"करडई लय दाट झालीया. रोपाला रोप चिकटलंय. आता इरळणी केली न्हाई तर सगळीच खुरटंल. आन् बाया मिळंनात, सगळ्या फडावर गेल्यात. येनार असाल तर या."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हणाले, "दाट कशी होईल? एकरी जेवढं लागतं तेवढंच बी आईंनी आणलं होतं. दोन एकराचं."

तू म्हणालीस, "म्या ते सगळं एका एकरात टाकलं. दुसऱ्या एकरात हरभरा केला."

"का गं?"

"का म्हंजी? तुमच्या बियाचा भरवसा व्हता म्हनून!"

आणि मला हसू आलं. मला ते आवरताच येईना. पलीकडून तुझाही काहीतरी आवाज आला. तू हसलीस की खोकलीस, मला कळलं नाही. निम्मं मरणार असं धरून तू दुप्पट पेरलंस, आणि ते सगळंच्या सगळं उगवून आलं. आता ते उपटायला माणसं मिळत नाहीत.

मी विचारलं, "महारुद्रराव?"

"परवाच गेले. एकलेच. जाताना टोळीला म्हनले, आमची खोलपेरी या साली घरी ऱ्हायली."

"अजून तेच नाव?"

"त्येंनी इरळणी बघितली असती तर दुसरं ठिवलं असतं."

भक्तीची शाळा यंदा बुडणार नाही, असंही तू सांगितलंस. मी विचारलं नव्हतं. तू आपणहून सांगितलंस. मग मागं कुणीतरी हाक मारली आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास.

मी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे पडताळून बघायला मी आईंना सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उपटलेली फेकू नको म्हनावं तिला. कोवळ्या करडईची भाजी लय चांगली व्हती. अन् मला बी घेऊन चल."

मी त्यांना म्हणाले, या खेपेला मला एकटीला जाऊ द्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच हो म्हणाल्या. एवढ्या लवकर त्या कधी ऐकत नाहीत.

उद्या भेटणारच आहोत, तर हे पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. मलाही वाटतंय. बहुधा हे मी टपालात टाकणार नाही, डायरीतच राहील. उद्या तुझ्यासमोर आल्यावर काय बोलायचं, याचा मी दोन-तीनदा विचार केला आणि प्रत्येक वेळी ते भाषण झालं. तासात, पिकाच्या ओळीत, बसून रोपं उपटताना माणसं फार बोलत नाहीत. एकानं एका तासाला लागायचं, दुसऱ्यानं शेजारच्या. ते मला जमेल.

उद्या: सकाळच्या पहिल्या गाडीनं पंकजाकडं विरळणीला जायचं.